सावधान! : बदल, खरेपणा आणि ‘स्मृतिचित्रे’

लग्नाच्या मांडवात अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टके चाललेली असतात आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच शब्द घुमतो : ‘सावधान’. या शब्दाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्या वेळी आपले लक्ष हातातल्या अक्षतांकडे आणि पलीकडे मांडल्या जाणाऱ्या पंगतीकडेच अधिक असते. समर्थ रामदासांनी मात्र तो शब्द मनावर घेतला आणि ते बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. आख्यायिकेची सत्यासत्यता क्षणभर बाजूला ठेवू. तिच्यातील मुद्दा मार्मिक आहे. माणसाचे आयुष्य ज्या क्षणी मोठे वळण घेते, नेमक्या त्या क्षणी आपल्या पूर्वजांनी त्याला ‘आनंदात राहा’ असे सांगितले नाही, ‘घाबरू नका’ असेही सांगितले नाही. त्यांनी सांगितले, ‘सावधान’. अवधानासह जो असतो तो सावधान. म्हणजे जे घडते आहे त्याकडे लक्ष द्या. आपण कोठून निघालो, कोठे चाललो आणि या घटकेला नेमके कोठे आहोत, हे विसरू नका.

बदलाच्या काळात हे अवधान राखणे फार कठीण असते. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातच त्याची उदाहरणे सापडतील. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वाड्यावस्त्यांवरून, तालुक्याच्या गावांहून मुले-मुली येथे येतात. वसतिगृहाची खोली, खानावळीचे जेवण, वर्गातली पुस्तकी भाषा, सारेच नवे. दिवाळीच्या सुटीपर्यंत त्यांच्यातले काहीजण ओळखू येऊ नयेत इतके बदललेले असतात. घरची बोली तोंडातून चुकून निघाली तर ते ओशाळतात. वडील शेतीच करतात हे सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो. सुटीत घरी गेल्यावर आईने पुढे केलेली भाकरी त्यांना परकी वाटू लागते, निदान तसे दाखवावे लागते. याउलट काहीजण तीन वर्षे येथे राहूनही जसे आले तसेच परत जातात. नवे पुस्तक, नवा विचार, नवा मित्र यांपैकी काहीही त्यांना शिवत नाही. ‘आमच्याकडे हे असेच असते’ एवढ्या एका वाक्याच्या तटबंदीत ते सुरक्षित असतात.

वरवर पाहता ही दोन टोके. पहिला विद्यार्थी रातोरात मुखवटा चढवतो आणि दुसरा दार लावून बसतो. पण दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखीच घडते : बदलाकडे नीट पाहण्याचे कष्ट दोघेही टाळतात. मग बदलाला सामोरे जाण्याचा खरा मार्ग कोणता? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत शोधता येईल. पण मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला त्यासाठी एक अधिक जवळचे पुस्तक उपलब्ध आहे. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचे आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. या पुस्तकाच्या विनोदाविषयी आणि साध्या, बोलक्या भाषेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात ते एका वेगळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. एका सामान्य स्त्रीच्या आयुष्यात असामान्य बदल आले तेव्हा ती त्यांतून कशी चालत गेली, हे तपासावयाचे आहे.

सोवळ्याच्या घरातून

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. त्या माहेरच्या गोखले, नाव मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड शिरले आणि त्या वेडाखाली सारे घर भरडून निघाले. ‘स्मृतिचित्रां’चा आरंभच या हकिकतीने होतो. हा आरंभ अर्थपूर्ण आहे. ज्या स्त्रीला पुढे सोवळ्याचे सारे पाश एकेक करून सोडवावे लागणार होते, तिच्या हाडीमाशी ते सोवळे किती खोल रुजवले गेले होते, हे त्यातून वाचकाला कळते.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. ‘सावधान’ हा शब्द त्यांच्याही कानांवर पडला असणार. परंतु अकरा वर्षांच्या मुलीने सावध व्हावयाचे ते कसे? टिळक कवी होते, विद्वान होते, अत्यंत उदार होते आणि तितकेच लहरी होते. नोकरी धरावी, सोडावी. आज या गावी तर उद्या त्या गावी. हातात आलेला पैसा समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा स्वभाव. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्याच हातून.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी टिळकांची गाठ पडली. त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. टिळकांचे वाचन, चिंतन व शंका-समाधान दोन वर्षे चालले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हत्या. सव्विसाव्या वर्षी, पदरात लहान मुलगा असताना, त्यांच्या पायाखालची जमीन एका दिवसात सरकली. नवरा जिवंत आहे, प्रेमळ आहे; पण त्याच्या घरी जाणे म्हणजे जात, आप्त, देव, सारे सोडणे. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीला जागाच नव्हती. ती ना धड सधवा, ना विधवा.

पायरी पायरीने

येथून पुढे जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लक्ष्मीबाईंपुढे दोन सोपे मार्ग होते. पतीच्या मागोमाग जाऊन लगेच धर्मांतर करणे हा पहिला. ‘पती तोच देव’ या शिकवणुकीत त्याला आधारही मिळाला असता. पतीचे नाव टाकून आयुष्यभर माहेरच्या आश्रयाने राहणे हा दुसरा. त्याला समाजाची सहानुभूती होती. त्यांनी दोन्ही मार्ग घेतले नाहीत. काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. मग त्या पतीकडे परतल्या, पण आपला धर्म घेऊन परतल्या. टिळक त्या वेळी अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि आपले सोवळे सांभाळणारी बायको असा तो संसार होता. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. शेजारीपाजारी दोन्ही बाजूंचे हसत असतील. पण त्या संसारात खोटे असे काही नव्हते. लक्ष्मीबाईंच्या मनाने जेवढी वाट चालली होती तेवढीच त्यांच्या पायांनी चालली होती.

टिळकांनीही बळजबरी केली नाही, ही त्यांच्या मोठेपणाची खूण. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला प्रश्न घातला, की जाती देवाने केल्या की माणसांनी? त्या विचार करीत राहिल्या आणि उत्तर मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा निश्चय म्हणजे धर्मांतर नव्हे. सोवळे सुटले ते आधी, नवी श्रद्धा जडली ती नंतर. १९०० साली, पतीच्या दीक्षेनंतर पाच वर्षांनी, त्यांनी स्वतः दीक्षा घेतली.

पाच वर्षे! टिळकांच्या बदलाची तारीख आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तो एका दिवसात झाला असे आपण समजतो. पण तारीख ही केवळ समारंभाची असते. बदल तारखेने होत नाही, तो सवयींच्या क्रमाने होतो. आधी एक शंका, मग एक घास, मग एक घोट पाणी, मग एक ओळख, आणि सर्वांत शेवटी नाव. आपण पुष्कळदा हा क्रम उलटा करतो. नाव आधी बदलतो आणि आतले सारे तसेच राहू देतो. विचाराने आपण पुरोगामी झालो असे जाहीर करणारा माणूस घरातल्या लग्नाची बोलणी सुरू झाली की पत्रिकेबरोबर पोटजातही विचारतो, ती याच कारणामुळे.

एक तुलना

लक्ष्मीबाईंच्या या वाटचालीचे वेगळेपण आणखी एका आत्मकथनाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. रमाबाईंचेही लग्न अकराव्या वर्षी, १८७३ साली झाले. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि कुमारिकेशी दुसरे लग्न केले. मात्र त्यांनी पत्नीला शिकवण्यास तत्काळ आरंभ केला. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिक्षण, विशेषतः इंग्रजीचे शिक्षण, मुळीच रुचले नाही. रमाबाईंनी त्यांचे टोमणे सोसले, उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही.

रमाबाई पतीच्या इच्छेतून बदलल्या, असे म्हणून काहीजण त्यांचा बदल कमी लेखतात. हे योग्य नाही. बदलाची प्रेरणा कोणाची, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत घातले ते वडिलांनी. म्हणून आपले शिक्षण उसने ठरत नाही. खरी कसोटी पुढे लागते, प्रेरणा देणारे माणूस नाहीसे झाल्यावर. १९०१ साली रानडे गेले. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाईंनी त्या कार्याला उरलेले आयुष्य वाहिले. दुसऱ्याने लावलेले रोप त्यांच्या मातीत रुजले होते, याचा याहून दुसरा पुरावा नको.

तेव्हा लक्ष्मीबाई मागाहून आल्या, रमाबाई बोट धरून आल्या. वाटा निराळ्या, पण दोघींमध्ये एक समान धागा आहे. आपण कोठे पोचलो आहोत याविषयी दोघींनीही स्वतःला फसवले नाही. खरेपणा म्हणजे न बदलणे नव्हे. ‘मी आहे हा असा आहे’ असे म्हणणारा माणूस प्रामाणिक असतोच असे नाही. तो नुसता आळशीही असू शकतो. खरेपणा म्हणजे आपण आज ज्या पायरीवर उभे आहोत ती स्वतःपासून न लपवणे.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप येतो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मनाच्या गतीने बदलावे, हे ऐकायला गोड आहे. पण एकाचे मन तयार होईपर्यंत दुसऱ्याने तहानलेले राहावे काय? सोवळे ही केवळ लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातली गोष्ट नव्हती. त्याच सोवळ्याने लाखो माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते सवर्णांचे मन बदलण्याची वाट पाहत बसून नव्हे. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ सालीच केला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. कागदावर सारे बदलले होते, तळ्यावर काहीच नव्हते. ज्यांना शतकानुशतके थांबवून ठेवले त्यांना ‘अजून थोडे थांबा, आमचे मन तयार होत आहे’ असे सांगणे हा प्रामाणिकपणा नव्हे, तो निव्वळ अन्याय होय.

हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, आणि त्यामुळेच आपल्या सिद्धांताला एक मर्यादा घालून घेतली पाहिजे. ज्या गोष्टींचा भार केवळ आपल्यावर पडतो, उदाहरणार्थ श्रद्धा, आवडीनिवडी, दुःख, पेशाची निवड, त्यांत मनाच्या गतीने चालण्याचा आपल्याला हक्क आहे. पण ज्या गोष्टींचा भार दुसऱ्यावर पडतो, त्यांत वागणूक आज बदलली पाहिजे. मन मागाहून आले तरी चालेल. मनात अजून अढी असताना वागणे सुधारले तर तो दांभिकपणा होईल काय? नाही. अढी आहे हे स्वतःशी कबूल करून नीट वागणे हा संयम आहे. अढी मुळी नाहीच असा देखावा करणे हा दंभ. दोहोंत अंतर आहे आणि ते ओळखण्यासाठीच अवधान लागते.

बदल थांबत नाहीत

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात १९०० साल हे शेवटचे वळण नव्हते. त्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात टिळकांनी अनाथ मुले घरी आणली आणि लक्ष्मीबाई त्यांच्या आई झाल्या. १९१७ साली टिळकांनी मिशनचे काम सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. घरी नियमित येणारा पगार थांबला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांच्या मागे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचे दहाएक अध्यायच झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहून ते पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी वयाची पासष्ट वर्षे ओलांडली होती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. पुस्तकाचा शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर वाचकांच्या हाती आला.

एवढे सोसलेल्या बाईच्या पुस्तकात रडगाणे नाही, याचे वाचकांना नेहमी आश्चर्य वाटते. वस्तुतः त्यात आश्चर्य नाही. ज्याचे लक्ष सदैव स्वतःच्या दुःखावर असते त्याला भोवतालचे काही दिसत नाही. लक्ष्मीबाईंचे लक्ष भांड्याकुंड्यांवर होते, माणसांच्या लकबींवर होते, टिळकांच्या विसराळूपणावर होते आणि स्वतःच्या फजितीवर सर्वांत अधिक होते. त्यांचा विनोद हा त्यांच्या अवधानाचाच एक प्रकार आहे. स्वतःकडे थोडे दुरून पाहता आल्याशिवाय स्वतःवर हसता येत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की त्यांनी आपल्या जुन्या ‘मी’ला वाऱ्यावर सोडले नाही. सोवळे पाळणारी ती मुलगी, धर्मांतराच्या बातमीने कोसळलेली ती तरुणी, यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीत तुच्छता नाही. मागच्या पायरीची लाज न बाळगता पुढच्या पायरीवर पाय ठेवणे, याला मोठे मन लागते.

रोजच्या व्यवहारात

आता या अभ्यासातून आपण विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, बदलाची घोषणा करण्याची घाई करू नये. हल्ली घोषणेची साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत. मनात विचार येतो न येतो तोच तो शंभर जणांना कळवता येतो आणि एकदा कळवला की तो खरा असो वा नसो, निभावून न्यावा लागतो. आठवडाभर एखादा नवा विचार कोणालाही न सांगता आचरून पाहावा. जो टिकेल तो आपला.

दुसरी गोष्ट, रात्री झोपण्यापूर्वी रोजनिशीत दोनच ओळी लिहाव्यात. आज मी काय बोललो आणि प्रत्यक्षात काय केले? या दोन ओळींत अंतर पडले तर स्वतःला शिव्या देत बसू नये. अंतर नोंदवावे, एवढेच. नोंदवलेले अंतर कमी होण्याचा संभव असतो, झाकलेले अंतर वाढतच जाते.

तिसरी गोष्ट, घरच्या बोलीची आणि घरच्या माणसांची लाज टाकून द्यावी. प्रमाणभाषा जरूर शिकावी, इंग्रजीही शिकावी. पण नवी भाषा शिकणे म्हणजे जुन्या भाषेला घराबाहेर काढणे नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ ज्या भाषेत लिहिली गेली ती घरातल्या बोलण्याचीच भाषा आहे आणि मराठी गद्यात तिला मानाचे पान मिळाले आहे.

चौथी गोष्ट टिळकांकडून घ्यावयाची. आपण पुढे गेलो आणि आपले आईवडील, भावंडे किंवा मित्र मागे राहिले असे वाटेल, तेव्हा त्यांना फरफटत आणू नये. सुटीत घरी जाऊन आजीशी देवावरून वाद घालणाऱ्याने आधी तिला दवाखान्यात नेऊन आणावे. वाट दाखवावी, वाट पाहावी, आणि दरम्यान प्रेम कमी होऊ देऊ नये. मात्र मागे राहिलेल्या माणसाच्या हट्टापायी तिसऱ्या कोणावर अन्याय होत असेल, तर तेथे गप्प बसू नये. मग समोर आपले वडील का असेनात.

अखेरची परीक्षा संपेल आणि आपण या आवारातून बाहेर पडू. नोकरी लागेल किंवा लागणार नाही, गाव सुटेल, लग्ने होतील, वडीलधारी माणसे एकामागून एक जातील. त्या प्रत्येक वेळी ‘सावधान’ म्हणणारे भटजी शेजारी उभे असतीलच असे नाही. तो शब्द आपला आपल्यालाच उच्चारावा लागेल, आणि तो ऐकून बोहल्यावरून पळण्याचेही कारण नाही. जागच्या जागी क्षणभर थांबून पाऊल नेमके कोठे पडते आहे ते पाहावे आणि मग ते टाकावे.